धाकटीच्या दारातली मेट्रो

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाल्कनीतून मेट्रोचं स्टेशन दिसतं. ठाण्याला, घोडबंदर रोडवर, चौदाव्या मजल्यावरून. हे मी शांतपणे लिहायचं ठरवलेलं, पण जमत नाही. चहाचा कप घेऊन ती तिथे उभी राहते आणि मला व्हिडिओ कॉल लावते. "ताई, बघ ना, आज सरकत्या जिन्याला काचा बसवल्या." मी बघते. दुसरं काय करणार? माझ्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचा सांडपाण्याचा पाइप दिसतो आणि त्याच्या सांध्यातून उगवलेलं पिंपळाचं रोप.

मी कल्याण पूर्वेला राहते, विठ्ठलवाडीच्या बाजूला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मेट्रो आमच्याकडेही येणार आहे. माझी मुलगी शाळेत होती तेव्हापासून येणार आहे, आता ती नोकरीला लागून पुण्याला गेली. नकाशात आमच्या बाजूने एक रंगीत रेघ काढलेली आहे, ती मी स्वतः पाहिलेली आहे. धाकटीच्या दारात मात्र आधी पत्रे लागले, मग खांब उभे राहिले, मग खांबांवर छप्पर आलं, आणि एक दिवस त्याच्यावरून चाचणीची रिकामी गाडीसुद्धा गेली. तिचा व्हिडिओ तिने मला तीनदा पाठवला.

मला तिचा हेवा वाटतो. लोक हे कबूल करत नाहीत, 'छान झालं हं तुमचं' म्हणतात आणि घरी जाऊन भांडी आपटतात. मी भांडीही आपटते आणि कबूलही करते. हे आजचं नाही. लहानपणी वक्तृत्वाच्या स्पर्धेत पहिला नंबर माझा यायचा आणि तिला उत्तेजनार्थ मिळायचं. पण ती रडायची म्हणून आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, तिला खांद्यावर बसवून घरी आणायचे. मी बक्षिसाचा स्टीलचा डबा काखेत मारून मागून चालत यायचे. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय की मेहनत मी करायची आणि खांदा तिला मिळायचा.

बोलायला आम्हाला दादांनीच शिकवलं. ते कारखान्यात फिटर होते, पण आमच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये त्यांनी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वादसभा सुरू केली. ती अजून चालते. नियम त्यांचेच. विषय आठवडाभर आधी फळ्यावर लिहायचा. दोन वक्ते. कोणी कुठल्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठी उचलून ठरवायचं. मग चहा. आणि चहानंतर बाजू बदलायची. आधी जो विरोधात बोलला त्याने आता तितक्याच ताकदीने बाजूने बोलायचं, आणि उलटं. ढिलं बोललात तर सभा हसते, पुढचे सहा महिने नाव निघत नाही. शेवटी ऐकणाऱ्यांनी एकेक चिंचोका उचलून दोनपैकी एका डब्यात टाकायचा. ते मत वक्त्याला नाही, विषयाच्या बाजूला. आणि दादांचा सगळ्यात कडक नियम असा की वक्त्याला नंतर कोणी विचारायचं नाही, तुझं स्वतःचं मत काय. ज्याने विचारलं त्याने पुढच्या सभेचा चहा करायचा.

दादा गेले त्याला बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडे असते. तिचे दोन्ही गुडघे गेले आहेत, आणि ऑपरेशन नको असं हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलंय. ती महिन्यातून एकदाच खाली उतरते, वादसभेसाठी. त्या दिवशी आम्ही दीड तास आधी घरातून निघतो. एका हातात तिचा दंड आणि दुसऱ्या हातात लाल प्लास्टिकचं स्टूल. दहा पायऱ्या झाल्या की स्टूल ठेवायचं, ती बसते, पदराने तोंड पुसते, शेजाऱ्यांच्या दारावरच्या नावाच्या पाट्या वाचते. मग पुन्हा दहा. इतर दिवस मी शाळेत शिकवायला जाते, नवरा कामाला जातो आणि आई दिवसभर घरात. दार उघडं ठेवून बसते, जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून. मी घरी आले की विचारते, "खाली काय चाललंय गं?" मी दमलेली असते. म्हणते, काही नाही.

तर गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत धाकटी आली, जेवली, आणि वाटीतलं श्रीखंड चाटता चाटता म्हणाली, "ताई, मी काय म्हणते, आई आता माझ्याकडे राहू दे. आमच्याकडे लिफ्ट आहे. खाली बाग आहे. आणि मेट्रो सुरू झाली ना, की स्टेशनलाही लिफ्ट. आई एकटी फिरेल."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आई माझ्याकडे बघत होती.

"मेट्रोत एकटी? तिला वडापावच्या गाडीपर्यंत जाता येत नाही," मी म्हटलं.

"कारण ती गाडी तीन मजले खाली आहे," धाकटी म्हणाली.

खरं सांगते, त्या दिवसापासून मला मेट्रो डोळ्यासमोर नकोशी झाली. आधी मला नुसतं वाईट वाटायचं, ती आम्हाला नाही म्हणून. आता ती माझी आई न्यायला येत होती. मी शाळेत स्टाफरूममध्ये बोलायला लागले, नवऱ्याशी बोलायला लागले, रिक्षाच्या रांगेत अनोळखी बायकांशी बोलायला लागले. एवढा पैसा ओततायत, कोणासाठी? टॉवरवाल्यांसाठी. मुद्दे बरोबर होते हो माझे. पण त्यांच्या तळाशी काय होतं ते मला माहीत होतं. आई गेली तर या घरात माझं बोलणं ऐकणारं कोण उरणार होतं?

आईने त्यानंतर विषय काढला नाही. फक्त एकदा भाजी निवडताना म्हणाली, "मी ठरवलं नाहीये अजून." मी मेथीच्या काड्या गोळा करून उठून गेले.

आणि दोन महिन्यांनी वादसभेच्या फळ्यावर विषय आला: मेट्रोवर एवढा खर्च करावा का? तो मी सुचवला नव्हता, पण वक्ता म्हणून माझं नाव मीच दिलं. समोर होते एक काका, जन्मभर बस चालवून रिटायर झालेले. धाकटीला आईनेच फोनवर विषय सांगितला असणार, कारण ती ठाण्याहून गाडी घेऊन आली आणि पहिल्या रांगेत आईच्या शेजारी बसली. आईचा हात तिच्या मांडीवर. माझ्या डोळ्यात तो हात खुपत होता.

चिठ्ठीत मला विरोध निघाला. इतके दिवस साठवलेलं सगळं बाहेर पडलं. मी विचारलं, शहाडला राहणाऱ्याला, टिटवाळ्याला स्वस्तात खोली मिळाली म्हणून गेलेल्याला या मेट्रोचा काय उपयोग? त्याला स्टेशनपासून घरापर्यंत साधी वेळेवर बस नाही. एका खांबाच्या पैशात किती बस आल्या असत्या, विचारा कोणी. मेट्रो येण्याआधी तिची जाहिरात येते, आणि जाहिरात बिल्डरच्या पाटीवर असते. रेघ नकाशावर पडली की भाडं वाढतं आणि ज्याच्यासाठी रेघ ओढली असं सांगतात तोच पुढच्या गावाला हलतो. रस्ते वर्षानुवर्षं खणलेले. धूळ आम्ही खायची, गाडीत बसायचं दुसऱ्याने. हे म्हणताना मी सरळ धाकटीकडे बघत होते. तिने मान खाली घातली, आणि मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं.

काका बाजूने बोलले, जरा अडखळत. बस चालवणाऱ्या माणसाला मेट्रोचं कौतुक करायला लावलेलं, बिचाऱ्यांच्या तोंडी शब्द बसत नव्हते. लोक माझ्याकडे बघून माना डोलवत होते. चहाच्या वेळी मागच्या रांगेतल्या एक मावशी मला म्हणाल्या, "आज काय धुतलंस गं." मी दोन कप चहा प्यायले.

मग बाजू बदलली.

मी उठले तेव्हा ठरवलेलं होतं की पाच मिनिटं कसंबसं बोलायचं, प्रदूषण, वेळेची बचत, देशाची प्रगती, असलं शाळेच्या निबंधासारखं, आणि बसायचं. हसले तर हसू देत. सहा महिने नाव निघालं नाही तरी चालेल. पण काका विरोधात बोलून नुकतेच बसले होते. आणि ते बोलले होते फार छान. स्टेअरिंग हातात आल्यावर माणूस सुधारतो तसे. टाळ्या पडलेल्या. त्या टाळ्या मला सहन झाल्या नाहीत. काय करू, माझा स्वभाव. दुसऱ्याला टाळ्या पडल्या की माझ्या पायाखाली निखारे येतात.

मी सुरुवात केली आणि पहिल्या दोन वाक्यांत मला कळलं की मी थांबणार नाही.

मी म्हटलं, काका म्हणतात बस वाढवा. वाढवा. पण ती बस उभी कुठे राहणार? ज्या रांगेत तुमची रिक्षा उभी आहे त्याच रांगेत. काका स्वतः कापूरबावडीच्या सिग्नलला किती वेळ ब्रेकवर पाय ठेवून बसलेत ते त्यांना विचारा. सभा हसली, काकाही हसले. मग मी म्हटलं, आपण कायम विचारतो, एवढा खर्च, पण बसणार किती जण? आणि आपण मोजतो कोणाला? जो रस्त्यावर दिसतो त्याला. जो स्टॉपवर उभा आहे, जो लोंबकळतोय, जो शिव्या देतोय. जो घरातून निघूच शकत नाही तो मोजणीत नाही. तो कुठल्या रांगेत नाही, कुठल्या मोर्च्यात नाही, या हॉलमध्येही नाही. त्याचे गुडघे गेलेत. तो दार उघडं ठेवून बसलाय. संध्याकाळी घरचं माणूस आलं की विचारतो, खाली काय चाललंय, आणि घरचं माणूस म्हणतं, काही नाही.

मी आईकडे बघत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

मी म्हटलं, आजपर्यंत आपण जे जे बांधलं ते पाय धड असलेल्यांसाठी बांधलं. फलाटावरचा पूल चढा. बसची पायरी चढा. ही पहिलीच वस्तू अशी येतेय की तिच्या कागदावर सुरुवातीपासून लिफ्ट आहे. उद्या लिफ्ट बंद पडेल म्हणाल. पडेल. भांडा मग, दुरुस्त करून घ्या. पण भांडायला लिफ्ट तरी हवी. आणि आमच्या बाजूला आली नाही म्हणून दुसऱ्याच्या दारात आलेली वाईट, असं म्हणणाऱ्याला मी ओळखते. मी त्याच्याबरोबर रोज राहते. तो पैशाच्या हिशोबाने बोलत नाही. त्याच्या पोटात दुखतंय.

मी बसले. चिंचोके टाकायला लोक उठले. मेट्रोच्या डब्यात टपाटप आवाज येत राहिला. माझ्यामुळे. मावशी येऊन म्हणाल्या, "अगं, तूच मगाशी उलटं बोललीस, आणि मी दोन्ही वेळा मान हलवली." धाकटीने मला मिठी मारली. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि सुटका करून घेतली. ती संध्याकाळच्या ट्रॅफिकआधी निघून गेली.

आम्ही दोघी जिना चढायला लागलो. चढताना दहा नाही, सहा-सहा पायऱ्या. पहिला मजला झाला. दुसरा झाला. तिसऱ्याच्या आधीच्या वळणावर मी स्टूल ठेवलं आणि आई बसली. बराच वेळ दम खात होती. मग तिने उजवी मूठ उघडली. तिच्यात चिंचोका होता, घामाने चमकत.

"टाकला नाहीस?" मी विचारलं.

"नाही टाकला. आधी तू सांग. चहाआधी बोललीस ते खरं, की चहानंतर?"

"आई, असं विचारायचं नसतं. दादांचा नियम."

"पुढच्या वेळी चहा मी करीन. तू सांग."

जिन्यात कोणी नव्हतं. वरच्या मजल्यावरून कुकरची शिट्टी ऐकू आली. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, अगं, चहानंतरचं नुसतं जिंकायला बोलले, तिथे बोलावंच लागतं. आईला ते पटलं असतं. चाळीस वर्षं ती सभा ऐकतेय, वक्ते कसे खोटं रंगवतात ते तिला माहीत आहे. ती चिंचोका खिडकीतून टाकून उठली असती, आणि आम्ही वर जाऊन खिचडी लावली असती. वाक्य माझ्या जिभेवर आलेलं.

मी तिच्या पायांकडे बघितलं. घोटे सुजलेले, चपलेच्या पट्ट्यांत रुतलेले. अजून बारा पायऱ्या होत्या.

"चहानंतरचं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. चिंचोका माझ्या हातात दिला. "हा मेट्रोच्या डब्यात टाक मग. आणि धाकटीला फोन कर." मग म्हणाली, "तुझा राग नाहीये ना तिच्यावर?"

"आहे," मी म्हटलं. "पण तो माझा मी बघून घेईन."

आई हसली. मला हात दिला, मी तिला उठवलं.

पुढच्या रविवारी आम्ही तिला शेवटचं खाली उतरवलं. धाकटीने गाडी अगदी दारापर्यंत आणलेली. औषधांचा डबा, दादांचा फोटो, तिची गोधडी. मी स्टूलही डिकीत ठेवलं. धाकटी म्हणाली, "ताई, ते कशाला? तिकडे लागणार नाही." बरोबरच बोलली. मी स्टूल काढून घेतलं आणि गाडी वळेपर्यंत ते हातात धरून उभी होते. वर आल्यावर त्या दिवशी मी भांडी आपटली, चांगली तासभर. नवरा बाहेर गेला.

महिनाभर मी गेले नाही. पेपर तपासायचेत, पाहुणे आलेत, अंगात कणकण आहे, मिळेल ती थाप मारली. आई रोज फोन करायची. आज खाली बागेत बसले. आज गेटपर्यंत गेले. आज वॉचमनच्या बायकोशी ओळख झाली, ती आपल्या मुरबाडकडची आहे. मेट्रो अजून सुरू व्हायची होती, पण आई स्टेशनचा रोजचा अहवाल द्यायची. पाट्या लागल्या. लाइट लागले. मी ऐकायचे आणि मनात म्हणायचे, माझ्याकडे सात वर्षं होती, सात वर्षांत एवढं बोलली नाही.

मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर गेले. ठाण्यापर्यंत पोचले आणि तिथून बस पकडली. ती बस मेट्रोच्या खांबांखाली इतका वेळ तुंबून उभी राहिली की मी मनातल्या मनात माझी चहाआधीची आणि चहानंतरची दोन्ही भाषणं पुन्हा केली. आईला फोन करून सांगितलं, उशीर होईल, तू झोप. उतरले तेव्हा ऊन कलायला आलेलं. डोक्यावर ते स्टेशन. मी ठरवलेलं की वर बघायचं नाही, पण बघितलं.

धाकटीच्या बिल्डिंगच्या गेटला कोणीतरी उभं होतं. वॉकर धरून. डोक्यावरून पदर, पायात नवे पांढरे बूट. मी पहिल्यांदा ओळखलंच नाही, कारण माझी आई मला उभी अशी कधी दिसतच नाही. ती बसलेली असते किंवा मी तिला धरलेलं असतं.

"एकटी आलीस?" मी विचारलं.

"हो. बटण दाबलं नि आले. चांगला अर्धा तास झाला, उभी आहे," ती म्हणाली. "म्हटलं, तू यायचीस, तर तुला घ्यायला खाली जावं."

लग्न होऊन गेले त्या दिवसापासून मला घ्यायला कोणी खाली आलं नव्हतं. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि तिथेच, वॉचमनच्या समोर, रडले. आई वॉकरवरचा एक हात काढून मला थोपटत राहिली. मला धाकटीचा हेवा वाटत होता. तिच्या लिफ्टचा वाटत होता, त्या बटणाचाही वाटत होता.